निर्णय : खून मेव्हण्याने केला

दप्तरसाहेबांनी तीन दिवसांत चाळीस खुनांचा निकाल लावला आणि चौथ्या दिवशी वाचनालयाचा एकही सभासद त्यांच्याशी बोलेना. त्यात बायकोही होती. आपलं नक्की काय चुकलं हे त्यांना त्या वेळी खरोखरच कळलेलं नव्हतं, आणि याच गोष्टीचा लोकांना सगळ्यात जास्त राग आला होता.

दप्तरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जमीनमोजणी खात्याच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतो? निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्यांचं बूड म्हणून एका जागी टेकलं नव्हतं. सकाळी उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं, घड्याळ बघायचं, पुन्हा गॅलरीत जायचं. एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर घातले. साखरेच्या डब्यावर ‘क्र. ४, साखर. पाहा : क्र. ५, चहापूड’ अशी चिठ्ठी लावली आणि डब्यांची एक अनुक्रमणिका करून फ्रिजच्या दारावर डकवली. बायको दोन मिनिटं त्या अनुक्रमणिकेकडे बघत उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही घरात नुसते बसलात तर माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही बसत नाही ना!”

ती वाचनालयाची वीस वर्षांची जुनी सभासद. रहस्यकथांचं तिला भारी वेड. मिरच्या निवडताना एका हातात मिरची आणि दुसऱ्या हातात प्रेत, असा तिचा खाक्या. तिने ग्रंथपालबाईंच्या कानावर घातलं, बाईंनाही हाताखाली एक बिनपगारी माणूस हवाच होता, आणि दप्तरसाहेब ‘मानद सहायक’ झाले. मुदत एक महिन्याची. काम बरं वाटलं तर समिती कायम करणार होती.

पहिल्या संध्याकाळी वाचनालयातून घरी येताना दप्तरसाहेबांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी वाटेत ओळख नसलेल्या दोन माणसांना नमस्कार घातला. आठ महिन्यांनी कुणीतरी त्यांना “साहेब, हे कुठे ठेवू?” असं विचारलं होतं. माणसाला दोन वेळचं जेवण लागतं तसा हा प्रश्नही लागतो. तो पुन्हा बंद होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात वाचनालयासाठी अकरा नियम तयार केले. समितीने ते न वाचताच मंजूर केले. समित्या तशाच असतात.

दुसऱ्या आठवड्यात खोकं आलं. चाळीस कोऱ्या करकरीत रहस्यकादंबऱ्या. सभासदांनी दोन वर्षं अर्जांवर अर्ज केले होते, कारण जुन्या कपाटातले सगळे खून सगळ्यांचे वाचून झाले होते. या चाळिसांतल्या निम्म्या उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतून भाषांतर होऊन आलेल्या होत्या.

“याला नॉर्डिक नॉयर म्हणतात,” ग्रंथपालबाई एका पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या. “हल्ली लोक वेडे झालेत याच्यामागे. रविवारी सकाळी वाटप आहे. तोवर नोंदवहीत चढवा, आणि प्रत्येकात एक छोटं कार्ड चिकटवा. पुस्तक कशाबद्दल आहे याचा वाचकाला अंदाज आला म्हणजे झालं.”

एवढं बोलून त्या बहिणीकडे आठवडाभरासाठी निघून गेल्या. ‘अंदाज’ म्हणजे किती, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. दप्तरसाहेबांना विचारायचं सुचलं नाही, कारण अंदाजपंचे काम त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं.

इथे दप्तरखान्याची एक रीत सांगायला हवी. फाइल कधी पहिल्या पानापासून वाचत नाहीत. पहिल्या पानावर कुणाची तरी भली लांबलचक तक्रार असते आणि ती तिसाव्या पानापर्यंत चालते. जाणता कारकून थेट शेवटचा कागद काढतो, हुकूम काय झाला ते बघतो, आणि तो फाइलच्या पुठ्ठ्यावर चार ओळींत उतरवतो. पुढे पन्नास वर्षांनी कुणी ती फाइल उघडली तर त्याचा एक मिनिटही फुकट जाऊ नये, ही त्यामागची माया. दप्तरसाहेबांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं आणि त्यांच्या पुठ्ठ्यांची वाहवा थेट वरच्या ऑफिसापर्यंत झाली होती.

तेव्हा त्यांनी चाळीसही कादंबऱ्या शेवटून उघडल्या. शेवटची वीस पानं वाचायची, मधलं चाळायचं, आणि मोत्यासारख्या अक्षरात कार्ड लिहायचं. पहिलं कार्ड असं होतं :

‘विषय : गोठलेल्या तळ्यात सापडलेले प्रेत. संबंधित व्यक्ती : मयत, मयताची पत्नी, मेव्हणा, बोटवाला, पाद्री. निर्णय : खून मेव्हण्याने केला. शेरा : पान ३०० पर्यंत मेव्हण्याचा कोणालाही संशय येत नाही.’

त्या शेऱ्यावर त्यांचा विशेष जीव जडला. नावं तोंडात बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांना धंद्यावरून किंवा नात्यावरून नोंदवलं होतं. त्या बर्फाळ देशांच्या कारभाराबद्दल मात्र त्यांचं मत काही चांगलं झालं नाही. तिथला प्रत्येक इन्स्पेक्टर बायकोपासून वेगळा राहत होता, मुलीशी त्याचं पटत नव्हतं, झोपेचा पत्ता नव्हता, आणि आठवडाआठवडा हा माणूस बर्फात एकटाच हिंडत होता. एकानेही कार्यालय सोडताना हालचाल रजिस्टरात सही केलेली नव्हती. हे त्यांनी एका कार्डावर शेऱ्यात लिहिलंसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी चाळिसावं कार्ड लागलं. दप्तरखान्यात वापरत ती खळ त्यांनी स्वतः घरी शिजवून आणली होती. त्या खळीने चिकटवलेला कागद फाइल जळेल पण निघणार नाही, अशी तिची ख्याती होती.

रविवारी दारात पहिला नंबर दंतवैद्यांचा. ते वाचनालयाचे कार्यवाह, शिवाय अर्जांवर अर्ज करणाऱ्यांतले सगळ्यात जुने अर्जदार. तळ्याचं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, कव्हर उघडलं, कार्ड वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खुर्चीवर बसले.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही खुनी सांगून टाकलात?”

“सांगितला नाही. नोंदवलाय.”

“पण मला तो शोधायचा होता!”

“कशाला?” दप्तरसाहेबांनी मनापासून विचारलं. “सापडलाय ना.”

दंतवैद्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. मग तिसरं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी दोन उघडली आणि “अरे देवा, पाद्री!” असं ओरडून मिटली. रांगेतल्या लोकांनी डोळे झाकून पुस्तकं घ्यायचा प्रयत्न केला, पण कार्ड आत, डोळा पडणार तिथेच लावलेलं. न बघण्याची सोय दप्तरसाहेबांनी ठेवली नव्हती. कुणीतरी म्हणालं, हा सूड आहे. कुणीतरी विचारलं, कसला? अर्ध्या तासात वाचनालय रिकामं झालं आणि चाळीस पुस्तकं टेबलावर तशीच पडून राहिली.

सगळ्यात शेवटी बायको आली. एका पुस्तकावर तिने चार महिन्यांपासून नंबर लावून ठेवला होता. दप्तरसाहेबांनी ते मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिलं. तिने कव्हर उघडलं, कार्ड वाचलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चपला घालून निघून गेली. घरी आल्यावर त्यांना ताट वाढलेलं मिळालं, पण वाढणारी माजघरात जाऊन बसली होती.

“अगं, पण कार्डात काही चूक आहे का?” त्यांनी दारातून विचारलं.

“चूक असती तर बरं झालं असतं,” आतून उत्तर आलं, आणि त्यानंतर तीन दिवस काहीच आलं नाही.

सोमवारी नोटीस मिळाली. ‘आपणास मानद सहायक पदावरून का कमी करू नये, याची कारणे शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता समितीसमोर दाखवावीत.’ खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे चौकातले चष्मेवाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारणे दाखवा नोटिसा फायलीला लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना स्वतःच्या नावाची नोटीस वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मिळाली. त्यांनी ती उभ्याउभ्या तीनदा वाचली. तशातही नोटिशीवर जावक क्रमांक नाही हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आवक नोंदवही त्यांच्याच ताब्यात असल्याने ती नोटीस त्यांनीच आवक करून घेतली, स्वतःलाच पोच दिली आणि मग रुमालाने कपाळ पुसलं.

उपाय उघड होता : कार्डं काढून टाकायची. पण ‘पुस्तकास चिकटवलेला कोणताही कागद समितीच्या लेखी परवानगीशिवाय काढता येणार नाही’ हा नियम सातवा, आणि तो करणारा गाढव कोण हे सांगायला नको. दुसरा कुणी असता तर त्याने नियम खुशाल गुंडाळून ठेवला असता. दप्तरसाहेबांनी अर्ज लिहिला. सहायक या नात्याने स्वतःच तो तपासला, सोबत जोडलेल्या कागदांची यादी नाही म्हणून अर्जदाराला परत केला, यादी जोडून पुन्हा दाखल करून घेतला, आणि अध्यक्षांच्या दुकानात गेले.

“कार्यवाहांची शिफारस लागेल,” चष्मेवाले एका फ्रेमचा स्क्रू पिळत म्हणाले. “तुमच्याच नियमात आहे बघा. नववा.”

कार्यवाह म्हणजे दंतवैद्य. दवाखान्यात नंबर लावल्याशिवाय आत सोडत नव्हते, म्हणून दप्तरसाहेबांनी नंबर लावला. नंबर आला तशी तिथल्या बाईने त्यांना खुर्चीत आडवं केलं, गळ्याला कापड बांधलं, आणि अर्ज खिशातून काढायच्या आत दंतवैद्य हातात आरसा घेऊन वाकले.

“आ करा. हं. दोन वर्षं वाट बघितली मी त्या पुस्तकाची. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा बघतो साहेब, संध्याकाळी एक तास मला बर्फात हिंडायचं असतं. एक तास! बोट आत घ्या जिभेचं. म्हणजे टोक आत घ्या. काय मागत होतो मी? एवढंच ना, की खुनी कोण ते मला शेवटी कळावं?”

“आँ,” दप्तरसाहेब म्हणाले.

“हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही,” दंतवैद्य म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

वीस मिनिटांनी दप्तरसाहेब बाहेर पडले तेव्हा त्यांचे दात लखलखीत झालेले होते, गाल बधिर होता, आणि अर्जावर शिफारस होती : ‘कार्डांचा मागमूस राहू नये.’ दात साफ करून घ्यायला आपण आलोच नव्हतो, हे सांगायची संधी त्यांना मिळालीच नाही.

मंगळवारी दुपारी अध्यक्षांची सही होताच चार पिशव्यांत भरून चाळीस पुस्तकं घरी आणली. जिन्यात वरच्या मजल्यावरचे विमा एजंट भेटले. या गृहस्थांना कुठल्याही संकटाचा पूर्वानुभव असतो, आणि तो नेहमी त्यांच्या साडूचा असतो.

“वाफ द्या,” ते पिशवीत डोकावून म्हणाले. “माझ्या साडूनं लग्नाच्या अल्बमातले सगळे फोटो वाफेवर सोडवले होते. लोण्यासारखे निघाले.”

पातेल्यात पाणी ठेवलं. पहिल्या पुस्तकाला वाफ दिली. खळीने आपली ख्याती राखली. कार्ड जागचं हललं नाही, पुस्तकाचं कव्हर मात्र सुटून हातात आलं. दुसरं पुस्तक फुगलं. तिसऱ्याचं रंगीत चित्र दप्तरसाहेबांच्या बनियनवर उमटलं. एजंट पुन्हा खाली आले, त्यांनी परिस्थितीची पाहणी केली आणि जराही न ओशाळता म्हणाले, “मग गोठवा. थंडीत खळ ठिसूळ होते. साडूच्या मित्राचं...”

बुडत्याला काडीचा आधार. दप्तरसाहेबांनी फ्रीझर रिकामा केला. मटार, बर्फाचे ट्रे, बायकोने जपून ठेवलेली कसली तरी पुडी, सगळं बाहेर, आणि दहा-दहा पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत. बुधवारी सकाळी बायकोने मटारासाठी फ्रीझर उघडला. समोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक गठ्ठा थंडगार पडलेला पाहून ती एक पाऊल मागे सरली. मग तिने वाकून नीट बघितलं.

“अहो,” तीन दिवसांनी पहिल्यांदा तिचा आवाज फुटला, “त्या लोकांनी प्रेतं बर्फात ठेवली म्हणून तुम्ही पुस्तकंही ठेवणार?”

पण आश्चर्य म्हणजे साडूचा मित्र खरा निघाला. गोठलेली खळ कडकड मोडली. बायको समोर बसली आणि भाजी सोलायच्या पातळ सुरीने कार्डं उचकटू लागली. डोळे तिने अर्धे मिटून घेतले होते, वाचलं जाऊ नये म्हणून. दप्तरसाहेब निघालेलं कार्ड उलटं करून ठेवत होते. दुपारपर्यंत काम संपलं. त्यांनी कार्डं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. चाळिसावं पुस्तक उघडून बघितलं तर त्यातलं कार्ड कुणीतरी आधीच फाडून नेलेलं होतं. कागदाची एक कड तेवढी शिल्लक होती.

हा नियम सातव्याचा सरळसरळ भंग. शिवाय गहाळ कागदाची नोंद करायची तर त्यावर काय लिहिलेलं होतं हे लिहायला हवं. पुस्तकावर दीपगृहाचं चित्र होतं. दप्तरसाहेब आठवू लागले. दीपगृह... रखवालदार... मेव्हणा? नाही, मेव्हणा तळ्याचा. डॉक्टर? डॉक्टर तीन होते. तीन दिवसांत चाळीस खून हाताखालून गेल्यावर कुणाचं प्रेत कुणाच्या गळ्यात, काही उमजेना. त्यांनी सरळ पुस्तक उलटं केलं आणि शेवटच्या पानाला हात घातला.

तो हात बायकोने धरला.

“शेवटचं पान उघडाल तर याद राखा,” ती म्हणाली. “तुम्हाला लोक का चिडले ते जाणून घ्यायचंय ना? मग पहिल्यापासून वाचा. एक तरी पुस्तक माणसासारखं वाचा.”

“साडेतीनशे पानं आहेत गं. शुक्रवारी माझी सुनावणी आहे. उत्तर लिहायचंय.”

“वाचल्याशिवाय काय लिहिणार उत्तरात?”

दप्तरसाहेब गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि कपाळाला आठ्या घालून पान एक उघडलं. बर्फ पडत होता. दीपगृहाचा रखवालदार बेपत्ता होता आणि त्याचे बूट दारात होते. बूट ओले होते. बूट दारात आणि ओले, म्हणजे माणूस परत आला. मग गेला कुठे? तेही अनवाणी? दप्तरसाहेबांनी पान उलटलं.

संध्याकाळी बायकोने चहाला हाक मारली तेव्हा ते पान नव्वदवर होते आणि चहा नको म्हणाले. रखवालदाराच्या बायकोवर त्यांचा दाट संशय होता. पान एकशे दहाला तो डॉक्टरवर गेला. पान एकशे चाळीसला डॉक्टरच मेला, आणि दप्तरसाहेब उठून गॅलरीत येरझारा घालू लागले. आठ महिने त्यांनी याच गॅलरीत येरझारा घातल्या होत्या, पण त्यांना काही कारण नव्हतं. आता जीव नुसता टांगणीला लागला होता. दोनदा बोट आपोआप शेवटच्या पानाकडे गेलं आणि दोनदा त्यांनी ते मागे घेतलं. इन्स्पेक्टरला झोप लागत नव्हती. त्याबद्दल त्यांना आता काही म्हणायचं नव्हतं. ते त्या बिचाऱ्याच्या जागी असते तर त्यांनाही लागली नसती.

“ऐक ना,” गुरुवारी जेवताना ते म्हणाले, “मला वाटतं तो होडीवाला सगळं खरं सांगत नाहीये. कारण त्या दिवशी—”

“एक शब्द बोलू नका!” बायको हातातला घास ताटात ठेवून म्हणाली. “तुमच्यानंतर मी वाचणार आहे.”

“म्हणजे मी हे कुणालाच सांगायचं नाही?”

“नाही.”

“अगं, पण मग माणसाने करायचं काय?”

“वाचायचं,” ती म्हणाली. मग हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. दप्तरसाहेबांना बरं वाटलं, आणि या बाईने चार महिने वाट बघितलेल्या पुस्तकाचं आपण काय केलं, ते लख्ख कळलं. त्यांनी ताटाकडे बघत म्हटलं, “तुझ्या पुस्तकाचं मला फार वाईट वाटतंय गं.” तिने त्यांना न मागता आणखी वाढलं.

शुक्रवारचे साडेचार वाजले तेव्हा उत्तराचा कागद कोरा होता आणि दप्तरसाहेब पान तीनशे बारावर होते. चालत जाताना त्यांनी चार पानं वाचायचा प्रयत्न केला, पण एका सायकलवाल्याने आईवडिलांचा उद्धार केल्यावर पुस्तक मिटून काखेत मारलं. वाचनालयाच्या मोठ्या टेबलाभोवती चष्मेवाले, दंतवैद्य, मुख्याध्यापिकाबाई आणि कालच परतलेल्या ग्रंथपालबाई बसल्या होत्या. शेजारी ती एकोणचाळीस पुस्तकं. काही फुगलेली, काही ओलसर, एक बिनकव्हरी. दप्तरसाहेबांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. ही खुर्ची, हे टेबल, हे कपाट आजपासून आपलं नाही. उद्यापासून पुन्हा गॅलरी आणि घड्याळ.

“कारणं दाखवा,” चष्मेवाले म्हणाले. त्यांना स्वतःलाच जरा अवघडल्यासारखं झालं होतं.

“मी लेखी काही आणलेलं नाही,” दप्तरसाहेब म्हणाले.

चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल.

“मग मी बोलतो,” दंतवैद्य उभे राहिले. “मी म्हणतो हा प्रकार किती भयंकर आहे हे समितीने प्रत्यक्ष ऐकावं. पुस्तकांमधून पुरावा गायब केला जाणार याची मला कल्पना होती, म्हणून मी रविवारीच, खळ पुरती वाळायच्या आत, एक कार्ड काढून ठेवलंय.” त्यांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं आणि चष्मा नाकावर सारला. “ऐका. ‘विषय : दीपगृहाचा रखवालदार बेपत्ता.’”

दप्तरसाहेबांच्या काखेतलं पुस्तक खाली पडलं.

“‘संबंधित व्यक्ती : रखवालदार, पत्नी, डॉक्टर, होडीवाला, शाळामास्तर.’”

“डॉक्टरसाहेब, एक मिनिट—”

“मध्ये बोलू नका! ‘निर्णय : खून—’”

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. एकोणसाठ वर्षांचा, कधी कुणाच्या फाइलीलाही न विचारता हात न लावणारा तो गृहस्थ टेबलाला वळसा घालून धावला आणि त्याने वाचनालयाच्या कार्यवाहांच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबून धरले.

“नका सांगू हो!” दप्तरसाहेब ओरडले. “पाया पडतो! तीनशे बारा पानं वाचलीत मी! तीन दिवस जिवाला चैन नाही! माझंच अक्षर आहे ते, माहीत आहे मला, पण मी विसरलोय, नशिबाने विसरलोय, आणि तुम्ही आता...” त्यांनी तळवे आणखी घट्ट दाबले. “चुकलं माझं. चाळीस वेळा चुकलं. मला काढून टाका, काय वाटेल ते करा, पण ते नाव वाचू नका.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या दंतवैद्यांवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. ते दोन तळव्यांच्या मागून काहीतरी म्हणाले. ते “आँ” असं ऐकू आलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी आधी पदर तोंडाला लावला, मग तो सोडून दिला आणि खदखदून हसू लागल्या. ग्रंथपालबाईंनी दंतवैद्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं, न वाचता उलटं करून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली. चष्मेवाल्यांनी दप्तरसाहेबांना बाहेर बसायला सांगितलं. समितीला विचार करायचा होता.

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. दप्तरसाहेब बसले. आत आवाज चढत होते, उतरत होते. चार दिवस ज्या निर्णयाच्या धास्तीने त्यांचं अन्न गोड लागत नव्हतं, तो पलीकडे भिंतीआड होत होता. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा पुस्तकाकडे, आणि पान तीनशे बारा उघडलं.

थोड्या वेळाने दंतवैद्य बाहेर आले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. ओठांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “कुठवर आलात?”

“इन्स्पेक्टर दीपगृहाच्या जिन्यात आहे. दिवा विझलाय.”

“मग मी काही बोलत नाही,” दंतवैद्य म्हणाले, आणि हातांची घडी घालून गप्प बसून राहिले.

दार उघडलं. चष्मेवाले उंबऱ्यात उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “साहेब, समितीने तुम्हाला कायम केलंय. फक्त कार्डं यापुढे मुख्याध्यापिकाबाई लिहितील.”

“हं,” दप्तरसाहेब म्हणाले आणि पान उलटलं.

चष्मेवाल्यांनी दंतवैद्यांकडे बघितलं. दंतवैद्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतली मंडळी एकेक करून बाहेर आली आणि चपलांचा आवाज न करता जिना उतरून गेली.

तेवढ्यात फोन वाजला. दप्तरसाहेबांनी पुस्तकावरची नजर न काढता तो चाचपून कानाला लावला. पलीकडे बायको होती, आणि तिचा आवाज काळजीने दबला होता.

“अहो, काय झालं? ठेवलं का तुम्हाला?”

“थांब गं जरा,” दप्तरसाहेब कुजबुजले. “अजून एकोणीस पानं आहेत. इतक्यात काही सांगता येत नाही.”